कोकणातल्या सायकल राइडला कॅमेरा: आधी जागा ठरवा, मग कॅमेरा घ्या

पावसाळा सरला आणि अलिबाग-मुरुड, दापोली-गुहागर, रत्नागिरी-मालवण असे प्लॅन शिजायला लागले की ग्रुपात कोणीतरी विचारतंच, "राइडला कुठला कॅमेरा घेऊ?" मग सगळे तुटून पडतात, कोणी मेगापिक्सेल सांगतो, कोणी झूम, कोणी म्हणतो घ्यायचा तर फुल फ्रेमच घे नाहीतर घेऊच नको, आणि विचारणारा बिचारा महिनाभर रिव्ह्यूचे व्हिडिओ बघत बसतो. माझं मत विचाराल तर सुरुवातच उलटी होतेय. कॅमेरा अंगावर किंवा सायकलवर नक्की कुठे राहणार हे आधी ठरवा, तिथे काय मावतं ते बघा, आणि त्यातला परवडेल तो चांगल्यात चांगला घ्या.

कारण साधं आहे. सायकल थांबली, एक पाय टेकला, तिथून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. दहा सेकंदांत काम होत असेल तर तुम्ही दिवसभर फोटो काढाल. सॅक उतरवा, चेन उघडा, आतली पिशवी काढा, लेन्सची टोपी काढा असा सगळा कार्यक्रम असेल तर पहिल्या दिवशी हौसेने कराल आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल "जाऊदे, येताना काढू", आणि येताना कोणी काढत नाही. त्यात आपला सागरी रस्ता. नकाशावर समुद्राला चिकटून सपाट दिसतो, प्रत्यक्षात खाडीला उतरायचं, पलीकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं, की लगेच पुढची खाडी तयार. चढावर लागलेली लय मोडून सॅक सोडायची इच्छा कुणालाच होत नाही, आणि बघण्यासारखं नेमकं चढाच्या मध्यावरच दिसतं.

कुठे ठेवायचा

जर्सीचा मागचा खिसा ही सगळ्यात सोपी जागा. फोन किंवा अडीचशे-तीनशे ग्रॅमचा चपटा कॅमेरा मधल्या खिशात नीट बसतो, हात मागे नेला की हाताला लागतो. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे घाम. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा नऊ वाजल्यानंतर जर्सी पाठीला चिकटते, मे महिन्याचं तर बोलूच नका, आणि तो घाम कापडातून झिरपून थेट कॅमेऱ्याच्या बटणांत जातो. झिपलॉकमध्ये घालून ठेवता येतो पण मग दोन्ही हात लागतात आणि दहा सेकंदांचं गणित बोंबलतं. त्यापेक्षा जुन्या योगा मॅटचा खिशाच्या मापाचा तुकडा कापायचा, त्याला पाठीकडच्या बाजूने प्लॅस्टिक चिकटवायचं आणि तो खिशात अंगाच्या बाजूला सरकवून ठेवायचा, कॅमेरा त्याच्या बाहेरच्या अंगाला. घाम अडतो आणि कॅमेरा उघडाच राहतो. दुसरी अडचण पडण्याची. मधल्या खिशात कडक वस्तू असेल तर पाठीवर पडल्यावर ती बरोबर कण्याखाली येते. म्हणून फोन मध्ये चालेल पण लेन्स पुढे आलेला जाडजूड कॅमेरा बाजूच्या खिशात.

स्टेम बॅग, म्हणजे हँडल आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे लावायची ती गोल बटव्यासारखी पिशवी, ही माझी सगळ्यात आवडती जागा. मूळची पाण्याच्या बाटलीसाठी किंवा खाऊसाठी असते. वरती ओढायची दोरी असते, एका हाताने उघडते एका हाताने बंद होते. छोटा कॅमेरा त्यात लेन्स वर करून उभा ठेवायचा, तळाला दोन थर फोम, बाजूने एक. मनगटाचा पट्टा बाहेर लोंबता ठेवायचा, तो ओढला की कॅमेरा हातात. पण खरेदी करण्याआधी एक बघा, सायकलवर उभं राहून पेडल मारताना गुडघा पिशवीला घासतो का. छोट्या फ्रेमवर घासतो आणि मग चढावर वैताग येतो.

हँडलला किंवा स्टेमजवळ ठेवलेल्या कॅमेऱ्याला धक्के बसतात हे मात्र खरं. अंगावर असला की आपले खांदे-कोपरं-कंबर निम्मे धक्के खातात, सायकलवर असला की खड्डा सरळ कॅमेऱ्याला. डांबर उखडून खाली जांभा उघडा पडलेल्या रस्त्यावर तासभर गेलात की लेन्सचे, बॅगेचे, मडगार्डचे सगळे स्क्रू सैल व्हायला लागतात. ज्या कॅमेऱ्यात लेन्स किंवा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) हलून थरथर सावरतो, म्हणजे स्टॅबिलायझेशनवाले, त्यांची आतली रचना नाजूक असते. ॲपलने तर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की दणकट मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावू नका, इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. सायकलला इंजिन नाही म्हणून धोका तेवढा नाही, पण बाईकवाल्यांनी हे मनावर घ्या, आणि सायकलवाल्यांनी निदान फोम कमी करू नका.

मोठा कॅमेरा असेल तर आडवा पट्टा. एका खांद्यावरून तिरका घ्यायचा आणि कॅमेरा पाठीवर, थोडा कमरेच्या बाजूला. नुसता पट्टा असेल तर तो वाकल्याबरोबर घसरून पोटाखाली येतो, गुडघ्यावर आपटतो, आणि उतारावर हे झालं तर तुम्ही एका हाताने कॅमेरा सावरायला जाता आणि नको ते होतं. म्हणून त्याला दुसरा पट्टा हवा, कमरेला किंवा काखेखालून जाणारा, जो कॅमेरा पाठीलाच धरून ठेवेल. असे तयार पट्टे मिळतात पण बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा, जुन्या सॅकचा पट्टा आणि बक्कल द्या, तो बसल्या जागी शिवून देतो आणि तुमच्या मापाचं होतं. बक्कल छातीवर डाव्या बाजूला येईल असं बघा. का ते सांगतो. शटरचं बटण सगळ्या कॅमेऱ्यांना उजवीकडे असतं म्हणून कॅमेरा उजव्या हातात येणार, मग बक्कल सोडायला डावा हात मोकळा हवा. आणि आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्याला मागचा असतो, म्हणजे थांबता थांबता उजवा हात कॅमेऱ्याकडे गेलाच तरी डाव्या हातात मागचा ब्रेक राहतो, जो एकट्याने दाबला तरी माणूस हँडलवरून उडत नाही. तुमच्या सायकलला उलटं असेल तर एकदा तपासून घ्या, मेकॅनिककडून बदलून मिळतं.

सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावायची कॅमेरा क्लिप मिळते, पीक डिझाइनची बरीच जण वापरतात, ट्रेकला एक नंबर आहे. सायकलवर पुढे वाकल्यावर मात्र कॅमेरा लोंबतो आणि छातीवर पडलात तर बरगड्यांना बसतो. सरळ बसून चालवायची सायकल असेल तर चालेल.

हँडलबार बॅग मोठी, आत कप्पे, मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) सहज मावतो, टूरिंगवाल्यांसाठी चांगली. पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, कॅमेरा ठेवला म्हणजे तो मुक्कामाला पोचल्यावरच निघणार, तिथे चार्जर ठेवा.

आता कॅमेरा

फोन. हसू नका, निम्म्या लोकांना याच्यापुढे काही लागत नाही. मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं दूरचं जवळ), समुद्र, रस्ता, माणसं सगळं बसतं. पण सायकलवर फोनचे काही खास त्रास आहेत. घामेजल्या बोटाला टच स्क्रीन दाद देत नाही, म्हणून व्हॉल्यूमच्या बटणावर शटर आणि अँड्रॉइड असेल तर पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा, हे सेटिंग घरीच करून ठेवा. मागच्या काचेवर सनस्क्रीनचा हात लागलेला असतो, फोटो धुरकट आला की लोक हवेला दोष देतात, आधी काच पुसा. आणि आयपी६८ (धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन) लिहिलंय म्हणून लाटेत नेऊ नका. त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, खाऱ्या पाण्याचं आश्वासन त्यात नसतं, आणि चार्जिंगच्या भोकात मीठ सुकलं की पुढे काय होतं ते दुकानदाराला विचारा. अजून एक, फोनवरच नकाशा, फोनवरच राइडचं रेकॉर्डिंग, फोनवरच घरच्यांचे कॉल, आणि रेंज नसलेल्या खाड्यांच्या कडेकडेने तो नेटवर्क शोधून शोधून बॅटरी खातो. वेगळा कॅमेरा घ्यायला माझ्या मते हेच सगळ्यात ठोस कारण आहे, फोटोचा दर्जा नंतर.

टफ कॅमेरे. ऑलिंपसचा टफ टीजी-६ २०१९ मध्ये आला, मग ब्रँडचं नाव ओएम सिस्टीम झालं आणि २०२३ मध्ये टीजी-७ आला. दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आसपास, १५ मीटर पाण्यात चालतात, दोन मीटरवरून पडले तरी सहन करतात, लेन्स २५ ते १०० मिमी आणि ती बाहेर येत नाही, झूम आतल्या आत होतो. सायकलवाल्याला ही शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण ज्या कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर होते तो प्रत्येक वेळी थोडी धूळ आत ओढतो. सेन्सर मात्र छोटा, जवळपास फोनच्याच वर्गातला, त्यामुळे सुपारीच्या वाडीत नाहीतर संध्याकाळी सातनंतर फोटो दाणेदार येतात. त्याचा मायक्रोस्कोप मोड अगदी एक सेंटीमीटरवरून फोकस करतो, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर छोटे खेकडे गोळ्यांची जी नक्षी घालतात ना, ती या कॅमेऱ्याने काढून बघा. ज्याला सांभाळत बसायचं नाही, पावसात चालवायचंय, किनाऱ्यावर फेकाफेकी करायचीय त्याने डोळे झाकून हाच घ्यावा. फक्त बॅटरीचं झाकण बंद करताना रबरी कडेवर वाळूचा कण किंवा केस अडकला नाहीये ना बघायचं, सगळा वॉटरप्रूफपणा त्या कडेवर टिकलेला असतो.

एक इंच सेन्सरवाले खिशातले कॅमेरे. सोनीचा आरएक्स१०० २०१२ मध्ये आला तेव्हा २४० ग्रॅममध्ये एवढा सेन्सर म्हणजे कमाल वाटली होती, सातव्या अवतारात वजन ३०० च्या थोडं वर गेलं आणि झूम २४ ते २०० मिमी झाला. एक इंच हे नुसतं नाव आहे बरं का, सेन्सर खरं म्हणजे १३.२ गुणिले ८.८ मिमीचा असतो, तरी टफ कॅमेऱ्याच्या चौपट क्षेत्रफळ होतं. खाडीत दूरवर पडावावर जाळी आवरणारी माणसं काढायची असतील तर २०० मिमी लागतात, फोन तिथे गळपटतो. वांधा एकच, नळी बाहेर येणारी आणि सीलिंग नाही. किनाऱ्यावर वारा वाहत असताना वाळूत चालू करायचा नाही.

रिको जीआर. याच्याबद्दल मी जरा पक्षपाती आहे, चालवून घ्या. जीआर ३, २५७ ग्रॅम, पण सेन्सर एपीएस-सी, म्हणजे मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तेवढा. झूम नाही, २८ मिमीची एकच लेन्स, एफ २.८. एका हाताने चालू, एका हाताने फोटो, आणि त्यात स्नॅप फोकस म्हणून एक सोय आहे, अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, बटण एकदम पूर्ण दाबलं की फोकस शोधत न बसता त्या अंतरावर फोटो. शेजारून जाणाऱ्या मित्राचा, टपरीवरच्या काकांचा फोटो हरवत नाही. सीलिंग नाही, बॅटरी जेमतेम दोनशे फोटो, म्हणून दुसरी बॅटरी सुरुवातीपासूनच धरून चला. पक्षी-बिक्षी काढायचे असतील तर हा तुमचा कॅमेरा नव्हे.

मिररलेस. बॉडी चारशे ग्रॅमच्या आसपास, वर लेन्स. ओएम-५ सारखा आयपी५३ रेटिंगचा कॅमेरा आणि तशीच सील असलेली लेन्स असेल तर पावसाची सर आणि धूळ दोन्हींची काळजी बरीच कमी होते. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात कोणी फसवत नाही. पण एकच लेन्स लावून निघा. किनाऱ्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला वाळू खायला घालणं. घरी डीएसएलआर आहेच आणि नवीन घ्यायचं नाही असं असेल तर किट लेन्स लावून पाऊण किलोच्या आसपास जातो, दोन पट्ट्यांनी पाठीला बांधा आणि न्या, फोटो उत्तमच येतील, फक्त सत्तर किलोमीटरनंतर मान काय म्हणते ते बघा.

ॲक्शन कॅमेरा हा फोटोचा कॅमेरा नाही, व्हिडिओचा आहे. गोप्रो केसशिवाय १० मीटर पाण्यात चालतो, हेल्मेटवर नाहीतर छातीवर लावून विसरून जायचं. फोटो काढता येतात पण सगळं वाकडं-रुंद येतं आणि अंधारात दम नसतो. तरी घाट उतरतानाचा व्हिडिओ हवाच असेल तर हँडलवर लावण्यापेक्षा छातीवर लावा, चित्र कमी हलतं.

सेकंडहँडला माझी हरकत नाही, उलट सायकलवर न्यायला जुना, एखादा ओरखडा असलेला कॅमेरा बरा, जीव खालीवर होत नाही. पण कोकणातून किंवा मुंबईतून जुना घेत असाल तर लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून आरपार बघाच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी सोडून द्या. झूम आत-बाहेर करताना कुरकुर आवाज आला तर आत वाळू आहे. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा काढून मोठा करून बघा, ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ.

खारं वारं, लाल धूळ आणि दमट खोली

पुण्या-नाशिककडचे मित्र कॅमेरा पडायला घाबरतात. इथे पडण्यापेक्षा हवाच जास्त कॅमेरे मारते.

दुपारनंतर समुद्राकडून वारं सुटतं, त्यात खाऱ्या पाण्याचा तुषार असतो, तो दिसत नाही पण चष्म्यावर बघा, तासाभरात काच चिकट होते. तेच लेन्सवर. आता इथे सगळे करतात ती गोष्ट म्हणजे जर्सीच्या टोकाने कोरडंच पुसणं. मीठ सुकलं की त्याचे खडे होतात आणि जर्सीत वाळू असतेच, म्हणजे तुम्ही पॉलिश पेपर फिरवताय. आधी हवा मारायची, छोटा रबरी फुगा मिळतो तो ठेवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसायचं आणि शेवटी कोरड्याने. यूव्ही फिल्टर लावता येत असेल तर लावाच, इतर ठिकाणी त्याच्यावर वाद घाला, किनाऱ्यावर नको. टफ कॅमेरा समुद्रात नेलात तर संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, बटणं दाबून दाबून मीठ सोडवायचं आणि सावलीत सुकवायचा.

फेरीबोटीवर विशेष जपा. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, या सगळ्या फेऱ्यांवर सायकल चढते आणि फोटो काढायला याच्याइतकी निवांत जागा नाही, दोन्ही हात मोकळे, रस्त्याचा ताण नाही, खाडीचं तोंड समोर. म्हणून लोक पुढच्या रॅम्पजवळ जाऊन उभे राहतात आणि तिथेच पाणी उडतं. मागच्या बाजूला उभे राहा, वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेरा अंगाच्या आडोशाला. बोट धक्क्याला लागायच्या आधी कॅमेरा पिशवीत गेला पाहिजे, कारण रॅम्प पडला की मागून गाड्या हॉर्न मारायला लागतात आणि तो रॅम्प ओला, शेवाळलेला असतो.

लाल धूळ वेगळी. सड्यावरून, रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून जाताना जांभ्याची बारीक पूड उडते, ती पीठासारखी बसते आणि घामाबरोबर तिचा चिखल होतो. डंपर समोरून येताना दिसला की कॅमेरा आत, एवढीच शिस्त.

आणि एसीची खोली. रात्री एसी लावून झोपलात, कॅमेरा टेबलावर, सकाळी सहाला उठून धावत किनाऱ्यावर गेलात, टोपी काढली की लेन्स पांढरी. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. वरचं पुसता येतं, पण ते लेन्सच्या आतल्या बाजूला, सेन्सरच्या काचेवरही धरतं आणि तिथे हात पोचत नाही. उपाय फुकट आहे. झोपताना कॅमेरा झिपलॉकमध्ये घालून ठेवा, सकाळी पिशवी बंद असतानाच बाहेर पडवीत ठेवा, चहा प्या, अर्ध्या तासाने उघडा. पाणी पिशवीच्या बाहेर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. होमस्टेला नुसता पंखा असेल तर हा प्रश्नच येत नाही, मला विचाराल तर पंख्याचीच खोली घ्या, स्वस्तही पडते.

थांबा, मग काढा

चालत्या सायकलवरून एका हाताने फोटो काढणारे असतात, मोकळ्या सपाट रस्त्यावर ज्याला जमतं त्याने करावं, पण आपले रस्ते अरुंद, गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारे, आणि वळणावरून समोर एसटी येते तेव्हा तिला आणि तुम्हाला मिळून जेमतेम जागा असते. आधी मागे बघा, डावीकडे पूर्ण रस्त्याबाहेर या, एक पाय खाली, फ्रेम दोन पायांत, मग कॅमेरा. कडेला वाळू असेल तर पुढचं चाक तिथे वळवू नका, सरळ थांबा.

सेटिंग फार करत बसू नका. कॅमेऱ्यात सोय असेल तर शटर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवता आणि बाकी कॅमेरा बघतो, चालत्या सायकली काढायच्या तर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान, चाकं फिरतायत असं दिसायला हवं तर १/६० करून कॅमेरा सायकलबरोबर फिरवा, सगळे हुकतील आणि एक असा येईल की तोच सगळ्यांना पाठवाल. आकाश पांढरंफटक जात असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा.

प्रकाशाचं मात्र थोडं डोकं लावा. कोकणात सूर्य सह्याद्रीच्या मागून उगवतो आणि समुद्रात मावळतो, म्हणजे सकाळी तुम्ही समुद्राकडे तोंड केलंत की ऊन तुमच्या पाठीकडून पडतं. होड्यांचे रंग, पाण्याचा निळा, जंजिऱ्याची तटबंदी, सगळं सकाळीच खुलतं. सगळे जण मात्र संध्याकाळी जातात, तेव्हा ऊन समोरून डोळ्यात, मिळतात त्या काळ्या आकृत्या आणि केशरी गोळा. तोही काढा, एकदा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे अखेरीस सातच्या पुढे, त्या हिशेबाने मुक्काम गाठा, कारण सूर्यास्त काढून मग अंधारात दहा किलोमीटर घाट चढायला लाईट आणि धीर दोन्ही लागतं. उत्तरेकडून दक्षिणेला जात असाल तर समुद्र उजव्या हाताला, सकाळचं ऊन डाव्या खांद्यावर, म्हणजे सकाळी उजवीकडे बघत चला. दुपारी अकरा ते तीन फोटो काढू नये, जेवावं, सोलकढी प्यावी, आडवं व्हावं.

स्वतःचा फोटो हवा असेल तर ट्रायपॉड नेऊ नका. जागोजागी जांभ्याचे गडगे आहेत, कमरेएवढ्या उंचीचे, त्यावर रुमालाची चुंबळ करून कॅमेरा टेकवा, इंटरव्हल शूटिंग लावा म्हणजे दर दोन सेकंदांनी फोटो निघत राहील आणि तुम्ही त्याच्यासमोरून दोनदा सायकल चालवत जा. दहा सेकंदांच्या टायमरवर धावत जाऊन सायकलवर बसायला कोणालाच जमत नाही.

माणसांचे फोटो विचारून. हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना हेल्मेट घातलेला माणूस मध्ये घुसून कॅमेरा नाकासमोर धरतो तेव्हा ओरडा मिळतोच आणि मिळायलाच हवा, तिथे त्यांची रोजी चाललीय. कडेला उभं राहा, "मावशी, एक काढू का?" विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना फ्लॅश अजिबात नाही, फोनचा टॉर्चही नाही. किनाऱ्यावरचे कंपन्यांचे आणि नौदलाचे धक्के, कोस्ट गार्डच्या जागा दिसल्या आणि फोटो मनाईची पाटी असली की वाद न घालता पुढे.

पावसात जाणार असाल तर

टफ कॅमेरा किंवा फोन, बाकीचे घरी. हॉटेलातली शॉवर कॅप मिळाली तर ती स्टेम बॅगेवर चढवा, बरोबर बसते. लेन्सवर थेंब पडणारच, खिशात जुन्या मऊ पंच्याचा तुकडा कोरडा ठेवा, तो कोरडा ठेवायला मात्र झिपलॉक. लाईट दोन-दोन दिवस जाते म्हणून पॉवर बँक, आणि यूएसबी-सीने चार्ज होणारा कॅमेरा असेल तर एकाच केबलवर सगळं भागतं. कार्ड एक मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या, रोज रात्री कार्ड रीडर लावून निवडक फोटो फोनवर ओढून घ्या.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतच पडून राहू देऊ नका, ओल्या फोमच्या बॅगेत बुरशीला आयतं घर मिळतं. बॅटरी काढा, बॅग उन्हात, कॅमेरा पंख्याखाली. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे, छोटा मीटर ऑनलाईन मिळतो, तो डब्यातच टाका. तांदळात ठेवायच्या भानगडीत पडू नका, तांदळाची पूड फटींत जाते. सिलिकाचे रंग बदलणारे दाणे मिळतात, नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. नारिंगी हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की परत कामाला येतात. जेवणाच्या भांड्यात नको, वेगळी थाळी ठेवा. पावसाळ्यात राइड बंद असली तरी पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून लेन्स उजेडाकडे धरून बघा आणि पाच-दहा फोटो काढा.